वळणावरचा हॉर्न

इंग्रजांच्या पोरांना इंग्रजी शिकवायला साताऱ्याहून बाई गेली, असं सांगितलं की आमच्याकडचे लोक आधी हसतात आणि मग विचारतात, खरंच? खरंच. साताऱ्यात जाऊन कंदी पेढे विकण्यासारखाच हा उद्योग, आणि तो मी नेटाने केला. वेल्सच्या सीमेला लागून ते खेडं आहे. एक चर्च, एक पब, एक दुकान आणि त्या दुकानातच पोस्ट. माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. खेड्याबाहेर टेकडीच्या उतारावर शाळा, आणि आसपासच्या शेतांवरून बसने येणारी मुलं. त्या शाळेत मी इंग्रजीची शिक्षिका म्हणून लागले.

त्याआधीची काही वर्षं लंडनच्या उत्तरेला, मिल्टन कीन्स नावाच्या शहरात गेली. नवऱ्याची आयटीतली नोकरी तिथे होती, म्हणून मीही तिथे. साताऱ्याजवळच्या हायस्कुलात मी चौदा-पंधरा वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. बाजारात गेले तर भाजीवालीपासून तलाठ्यापर्यंत सगळे मला 'बाई' म्हणायचे, कारण निम्म्यांची मुलं माझ्या हाताखालून गेलेली. मिल्टन कीन्समध्ये मी एका गोदामात पार्सलांवर लेबलं लावत होते. काम वाईट नव्हतं, बरोबरच्या बायकाही झकास होत्या. पण घरी परतताना वाटायचं, आज दिवसभर आपण तोंड उघडलंच नाही. बोलण्यावर पोट भरलेल्या माणसाला हे फार जड जातं. शेवटी इथली शिक्षकाची पात्रता मिळवली आणि अर्ज करत सुटले. जवळपासच्या शाळांनी गोड शब्दांत नकार दिला. होकार आला तो या खेड्यातून, आणि तोही तिथे जायला दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून.

करार एका वर्षाचा. कायम करायचं की नाही, हे मुख्याध्यापक उन्हाळ्याच्या सुट्टीआधी ठरवणार. नाही केलं तर परत गोदाम. आठवडाभर मी दुकानाच्या वरच्या खोलीत राहायची आणि शुक्रवारी संध्याकाळी गाडी काढून मिल्टन कीन्सला. नवरा म्हणाला, "एक वर्ष ट्राय करून बघू गं. पुढचं पुढे." पुढे म्हणजे काय, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. कधीकधी न विचारण्यात शहाणपण असतं. मला एवढंच ठाऊक होतं की मला पुन्हा बाई व्हायचंय.

पहिल्या दिवशी वर्गात शिरले तेव्हा कुणी उभं राहिलं नाही. याची तयारी होती. तयारी नव्हती ती पुढच्या गोष्टीची. माझ्या दहावीच्या वर्गात कुणी बोलतच नव्हतं. मुलं गुणी होती. दार उघडून धरायची, जाताना न चुकता 'थँक यू, मिस' म्हणायची, वह्या नीटनेटक्या. पण प्रश्न विचारला रे विचारला की सगळ्या माना खाली, जणू टेबल जागेवर आहे की नाही ते सगळ्यांना एकदम बघायचंय. उत्तरं येत नव्हती म्हणावं तर तेही नाही, वहीत हीच मुलं सुरेख लिहायची. मी आमच्याकडची युक्ती करून पाहिली. म्हटलं, चला, सगळ्यांनी मिळून मोठ्याने कविता म्हणू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भर वर्गात नाचायला सांगितलंय. शेवटी मी एकटीनेच म्हटली. पुढच्या बाकावरच्या एका मुलीला माझी इतकी दया आली की ती ओठ हलवत होती.

हिवाळ्यात एकदा मुख्याध्यापक दारात उभे राहून थोडा वेळ तास बघून गेले. हे गृहस्थ त्याच भागातले, शेतकऱ्याच्या घरातले, उंच आणि मितभाषी. नंतर व्हरांड्यात म्हणाले, "तुमचा वर्ग शांत आहे." मी खूश. साताऱ्यात याहून मोठं सर्टिफिकेट नाही. मग ते म्हणाले, "फारच शांत आहे. ईस्टरनंतर मी एक पूर्ण तास बसेन. तेव्हा मुलांचा आवाज ऐकायला मला आवडेल." इंग्रज माणूस 'आवडेल' म्हणाला की तो हुकूम समजावा, एवढं मी मिल्टन कीन्समध्ये शिकले होते. माझं कायम होणं त्या एका तासावर आलं होतं.

आता गाडीबद्दल सांगते, कारण तिच्यावाचून गोष्ट पुढे सरकत नाही.

गाडी मला वडिलांनी शिकवली, आणि तीही घाटात. त्यांचा पहिला धडा क्लचचा नव्हता, हॉर्नचा होता. "वळणावर हॉर्न दिला नाहीस तर पलीकडच्याला कळणार कसं, तू आहेस ते?" आमच्याकडे ट्रकच्या पाठीवरच लिहिलेलं असतं, हॉर्न द्या म्हणून. आमच्याकडे हॉर्न म्हणजे रामराम. जो देत नाही तो शिष्ट किंवा झोपलेला. मिल्टन कीन्समध्ये हे अंगातून बाहेर यायला वाव नव्हता. तिथे सगळे रुंद रस्ते आणि गोल चौक, सगळं कसं लांबून दिसतं. पण या खेड्यातले रस्ते पाहिले आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. एकाच गाडीपुरती वाट, दोन्ही बाजूंना गाडीहून उंच झुडपांची कुंपणं, आणि पावलोपावली आंधळी वळणं. मग मी काय करणार? प्रत्येक वळणावर दोनदा छोटा हॉर्न. पीं पीं. अगदी प्रेमाने.

समोरून येणारे शेतकरी गाडी मागे घेऊन मला वाट द्यायचे, पण चेहरे आंबट. मी हात करायची, ते बघायचे नाहीत. मला वाटलं, थंडीने माणसं अशी होत असतील. खोलीखालच्या दुकानात मी शिरले की गप्पा थांबायच्या. मी त्याचंही खापर थंडीवरच फोडलं.

ईस्टरची सुट्टी संपून शाळा सुरू झाली, आणि एके दिवशी दुपारी परतताना मी नेहमीसारखा हॉर्न देऊन वळण घेतलं, तर समोर तपकिरी घोडा. पुढचे पाय हवेत. पाठीवर माझ्या दहावीतली मुलगी, खिडकीपाशी बसणारी, वर्षभरात जिचा आवाज मी फक्त हजेरीला ऐकला होता. मी करकचून ब्रेक दाबला. घोडा बाजूच्या चरात उतरला, घसरला, पुन्हा वर आला. ती मुलगी पडली नाही. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. घोड्याच्या मानेवर हात फिरवत ती त्याच्या कानात काहीतरी बोलत राहिली. मी उतरून विचारलं, "लागलं का गं कुठे?" तिने नुसती नाही म्हणून मान हलवली आणि निघून गेली. मी बराच वेळ तिथेच उभी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्याध्यापकांनी बोलावलं.

"काल एका घरून फोन आला," ते म्हणाले. "घोड्याजवळ इथे कुणी हॉर्न वाजवत नाही."

"घोडा मला दिसलाच नव्हता," मी म्हटलं. "दिसत नव्हतं म्हणून तर वाजवला."

त्यांनी टेबलावरची डायरी उघडली. मग म्हणाले, "इतर लोकांनीही सांगितलंय. प्रत्येक वळणावर वाजवता म्हणे. इथे हॉर्न म्हणजे शिवी. पुढच्या आठवड्यात तुमचा तास बघायला येतोय, लक्षात आहे ना?" आवाज अगदी सौम्य. तो सौम्यपणा ऐकूनच मला गोदामातला लेबलांचा वास आला.

म्हणजे इतके महिने मी अख्ख्या गावाला प्रेमाने शिव्या देत फिरत होते. ओशाळले, हे खरं. पण आतून चिडलेही होते. मी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं, उलट सगळ्यांना सांभाळूनच चालले होते, आणि त्याची ही किंमत? अशा मनःस्थितीत मी दहावीच्या वर्गात गेले. कवितेचं पुस्तक उघडलं आणि मिटलं.

त्या मुलीला म्हटलं, "काल माझ्यामुळे तुझा घोडा बिथरला. चूक माझी. मनापासून सॉरी. पण मला एक कळत नाही. समोरचं काही दिसत नसताना हॉर्न न वाजवता तुम्ही लोक इतकी वर्षं जिवंत राहिलात कसे?"

सगळ्या माना खाली. मला वाटलं, झालं, हेही टेबलाला विचारावं लागणार. तेवढ्यात खिडकीपासून आवाज आला.

"घोडी आहे, मिस."

"काय?"

"घोडा नाही. ती घोडी आहे. आणि तिची चूक नव्हती." मग बांध फुटला. "वळणावर हळू जायचं असतं, मिस. इतकं हळू, की पलीकडे जे असेल त्याच्यासाठी थांबता आलं पाहिजे. तुम्ही हॉर्न वाजवता म्हणजे तुम्ही थांबणार नाही, समोरच्यानेच बाजूला व्हायचं. माझ्या घोडीला बाजूला होता येत नाही. पोटात कोकरू असलेल्या मेंढीला येत नाही. माझ्या आजोबांना तर हॉर्न ऐकूच येत नाही. ते रोज त्याच वळणावरून चालत येतात."

तिने मला सगळ्यांसमोर झाडलं होतं आणि माझा आनंद पोटात मावत नव्हता. मुद्दा, मग पुरावा, मग एकावर एक चढत जाणारी उदाहरणं, आणि सगळ्यात शेवटी आजोबा. हे मी वर्षभर फळ्यावर लिहून शिकवत होते आणि ही पोरगी न शिकता करून मोकळी झाली.

"इतकं सुरेख बोलता येतं," मी म्हटलं, "मग वर्षभर सगळे मुके का?"

ती लालबुंद झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "आपणहून बोललं की लोक म्हणतात, हिला स्वतःचं फार कौतुक."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे पोरगं चार ओळी म्हणायला लागलं की त्याला पाहुण्यांपुढे उभं करतात. इथे घरातला पहिला धडाच हा, की स्वतःला पुढे करू नये. माझा प्रत्येक प्रश्न म्हणजे त्यांना 'चला, मिरवा बघू' असं सांगणं होतं. मग ती कशाला मान वर करतील? आणि लगेच मला आमच्या हायस्कुलातली वादविवाद स्पर्धा आठवली. तिथे आपली बाजू आपण निवडत नाही. चिठ्ठी उचलायची, अनुकूल निघालं तर अनुकूल, प्रतिकूल निघालं तर प्रतिकूल. मनात काहीही असो, चिठ्ठीत आलं ते जीव तोडून मांडायचं. चिठ्ठीनेच बोलायला लावलं तर कोण म्हणणार, हिला स्वतःचं कौतुक म्हणून?

विषय ठरला: आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवावा की नाही. आणि तास ठरला तोच, मुख्याध्यापकांचा. साताऱ्यात साहेब तपासणीला येणार म्हटलं की आदल्या दिवशी त्याच पाठाची रंगीत तालीम व्हायची. मी मुलांना तसं सुचवून पाहिलं. तर सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला, "मिस, ही तर चीटिंग." माझ्या वर्गात सगळ्यांनी मिळून मोठ्याने काही म्हणण्याची ही पहिलीच वेळ. मी तालमीचा नाद सोडला.

रात्री नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो हादरला. "अगं, कवितेचा लेसन प्लॅन सबमिट केलायस ना? मग तोच घे. एवढी रिस्क कशाला?"

"तो घेतला तर सगळे टेबलाकडे बघतील."

"आणि हे बॅकफायर झालं तर?"

"तर गोदाम."

मग तो म्हणाला, "जेवलीस का?" आमच्या घरात वाद संपल्याची ही खूण आहे.

त्या दिवशी मुख्याध्यापक येऊन मागच्या खुर्चीवर बसले. मी माझा जेवणाचा स्टीलचा डबा चिठ्ठ्यांनी भरून फिरवला. डबा खिडकीपाशी पोचला. त्या मुलीने चिठ्ठी उघडली, वाचली आणि तिचा चेहरा पडला. हॉर्नच्या बाजूने. शेजारणीने डोकावून पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. मी म्हटलं, हवं तर बदलून घे. तिने नाही म्हणून मान हलवली. चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी. ही पोरगी आमच्या हायस्कुलात असती तर मी तिला जिल्ह्यापर्यंत नेली असती.

"मिस," ती म्हणाली, "तुमच्याकडचा रस्ता कसा असतो?"

मी फळ्यावर घाट काढला. एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी, वरून येणारा ट्रक, खालून चढणारी एस.टी. चित्रकला माझी यथातथाच. एस.टी. पावाच्या लादीसारखी दिसत होती आणि ते एकीने स्पष्ट बोलूनही दाखवलं. तयारीला थोडा वेळ दिला आणि मी बाजूला उभी राहिले. मागे वळून मुख्याध्यापकांकडे बघायचं धाडस होईना.

ती मुलगी उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं, तरी राहिली. म्हणाली, "समजा, एका बाजूला डोंगर आहे आणि एका बाजूला काहीच नाही. थांबायला जागा नाही, मागे घ्यायला जागा नाही. तिथे गप्प राहणं हाच उद्धटपणा. तिथे हॉर्न म्हणजे 'बाजूला हो' नाही. तिथे हॉर्न म्हणजे, मी इकडे आहे, तू तिकडे असशील, सांभाळून ये."

त्या घाटातून मी अर्धं आयुष्य गाडी चालवली. माझ्या हॉर्नचा अर्थ इतका नेमका मलाही कधी सांगता आला नव्हता, आणि ज्या मुलीला मी घोडीवरून पाडता पाडता राहिले तिने तो सांगितला. मी फळा पुसायच्या निमित्ताने पाठ केली.

पुढे मग वर्ग आवरेना. विरुद्ध बाजूची एक मुलगी उठून म्हणाली, "घाटात वाजवा ना. पण मिसने इथे घाट का आणावा?" सगळे हसले, मीही हसले. कुणी मेंढ्यांची बाजू मांडली, कुणी दुधाच्या टँकरवाल्याची. घंटा झाली तरी दोघीजणी भांडतच होत्या. शेवटी मत घेतलं. हॉर्नच्या बाजूने एकच हात वर, तो माझा. त्या मुलीने तर ठामपणे विरोधात मत दिलं.

"अगं, आत्ता तू किती छान बोललीस हॉर्नच्या बाजूने," मी म्हटलं.

"बोलले, मिस. पण माझ्या घोडीला घाट माहीत नाही."

मुख्याध्यापक उठले, "थँक यू" म्हणाले आणि गेले. त्या दोन शब्दांचा अर्थ लावण्यात माझे पुढचे दिवस गेले. हॉर्न मी त्याच दिवसापासून बंद केला. वळणावर इतकी हळू जायला लागले की एकदा एका कोंबडीने मला मागे टाकलं.

मग एके दुपारी शाळा सुटताना त्यांनी पुन्हा बोलावलं. समोर बसवलं. "तुमच्याबद्दल माझ्याकडे दोन तक्रारी आल्या," ते म्हणाले. "पहिली हॉर्नची. ती खरी होती, आणि आता मिटली. दुसरी काल आली, त्याच घरातून."

मी म्हटलं, "आता काय केलं मी?"

"मुलगी रोज जेवणाच्या टेबलावर वाद घालते. चिठ्ठ्या टाकते म्हणे. आजोबांना तर ऐकूही येत नाही, पण तेही चिठ्ठी उचलतात आणि जोरजोरात भांडतात. घरात कुणाला शांतपणे जेवता येत नाही." ते हसले नाहीत, पण मिशी हलली. "इतक्या वर्षांत माझ्याकडे कुठल्याही शिक्षकाबद्दल अशी तक्रार आली नव्हती. तुम्ही राहाल ना इथे? कायमच्या?"

मी हो म्हटलं. एकदा म्हटलं तर पुरे होतं, पण मी तीनचारदा म्हटलं.

गाडीत येऊन बसले आणि नवऱ्याला फोन लावला. सगळं सांगून टाकलं, तक्रार, आजोबा, चिठ्ठ्या, आणि सगळ्यात शेवटी, कायम झाले. 'कायम' हा शब्द तोंडातून गेला. तेव्हा माझा आनंद जागच्या जागी थबकला. दर शुक्रवारी हा माणूस दोन भाज्या करून वाट बघत बसायचा, आणि दर रविवारी संध्याकाळी मी निघाले की गाडी दिसेनाशी होईपर्यंत दारात उभा राहायचा. वर्षभर आम्ही जे एकमेकांना विचारलं नव्हतं, ते आता विचारावं लागणार होतं. माझी शाळा इथे, याचं घर तिथे. मी बाई झाले, पण त्याचं काय?

"एक सांग," तो म्हणाला. "तिकडे ब्रॉडबँड कसं आहे गं?"

"रडकं," मी म्हटलं. "का?"

"मॅनेजरशी बोललो होतो मी. तुझा तो तास झाला ना, त्याच आठवड्यात. आठवड्यातून एक दिवस ऑफिसला गेलो तरी चालेल म्हणालाय. बाकीचं रडक्यावर भागवीन." मग म्हणाला, "या शुक्रवारी तू येऊ नकोस. मी येतो. दुकानावरच्या खोलीत दोघं मावणार नाही, घर बघायला लागेल."

शाळेची बस भरत होती. मुलं आपापसात मोठमोठ्याने काहीतरी बोलत चढत होती. आणि वर्षभर त्यांना 'बोला, बोला' म्हणणाऱ्या बाईच्या तोंडून शब्द फुटेना.

"ऐकतेयस ना?" त्याने विचारलं.

मी मान हलवली. फोनवर.